आडनावातलं ‘कुल’ कुणाचं?

मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथे एके काळी आम्ही चार कुलकर्णी होतो. त्यामुळे स्टाफरूममध्ये मला कुणी नुसतं ‘कुलकर्णी’ म्हणून हाक मारल्याचं आठवतच नाही. एक गणितवाले कुलकर्णी, एक पी.टी.चे कुलकर्णी, एक छोटे कुलकर्णी (वयाने नव्हे, उंचीने) आणि मी इतिहासवाला. एकदा तर पी.टी.च्या कुलकर्ण्यांच्या मुलीसाठी आलेलं स्थळाचं पत्र माझ्या घरी पोचलं. मला दोन मुलगे. आमच्या सौभाग्यवतींनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका!

सौभाग्यवतींचीही एक गंमत आहे. त्या माहेरच्याही कुलकर्णीच. लग्नात मधलं नाव बदललं, आडनाव मात्र जागच्या जागी. त्यांच्या एका मैत्रिणीने तेव्हा विचारलं होतं, "अगं, एकाच कुळात कसं चाललं?" चाललं, कारण कूळ एक नव्हतंच मुळी. त्यांचं गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, गाव वेगळं. दोन्ही घरांत सारखं काय होतं, तर पूर्वजांचं काम.

माणसाचं आडनाव फार सामान्य असलं की लोक त्याला दुसरं नाव शोधतात. साहित्यातसुद्धा पाहा ना. जी.ए. म्हटलं, वा.ल. म्हटलं, द.भि. म्हटलं की पुढे कुलकर्णी लावावं लागत नाही. इतक्या कुलकर्ण्यांत हरवू नये म्हणून त्या मंडळींनी (की वाचकांनी?) आद्याक्षरांचंच नाव करून टाकलं. आम्हा सामान्य कुलकर्ण्यांना ती सोय नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या पुतण्याचा फोन. त्याला २०२४ च्या जूनमध्ये मुलगी झाली. नाव नोंदवायच्या वेळी तो म्हणाला, "काका, तुम्ही मागे सांगितलं होतंत ना, आपलं मूळ आडनाव वेगळं आहे? तेच लावू का? कुलकर्णी म्हणजे गर्दीत उभं राहिल्यासारखं वाटतं हो. आधी राजपत्रात देऊन माझं बदलून घेतो, मग तिचं."

मी त्याला म्हटलं, थांब जरा. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. रविवारी ये.

त्याला त्या रविवारी जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. घरातल्या काही मंडळींना यातलं थोडंफार माहीत आहे, सगळं कुणालाच नाही.

आधी थोडा इतिहास. (जित्याची खोड! पस्तीस-छत्तीस वर्षं फळ्यापुढे काढली आहेत.)

कुलकर्णी हे घराण्याचं नाव नाही, हुद्द्याचं आहे. जुन्या काळी गावाच्या कारभाराला दोन माणसं असत. पाटील हा गावाचा मुख्य आणि कुलकर्णी हा त्याचा लेखक. जमीन कुणाची, किती, कसली, कुणी पेरली, कुणी पडीक टाकली, सारा किती बसला, किती वसूल झाला, बाकी कुणाकडे राहिली, हे सगळं कुलकर्ण्याने बोरूने मोडीत लिहायचं आणि रुमालात बांधून ठेवायचं. त्या रुमालांना म्हणायचं दप्तर. असाच जोड परगण्याला असे, देशमुख आणि देशपांडे. म्हणजे देशमुख हा मोठा पाटील आणि देशपांडे हा मोठा कुलकर्णी, असं मी मुलांना सांगत असे. गाव तिथे कुलकर्णी, त्यामुळे गावं जितकी तितकी कुलकर्ण्यांची घराणी. आमची संख्या का वाढली याचं एवढंच उत्तर आहे.

अशी हुद्द्यांची आडनावं आपल्याकडे ढिगाने आहेत. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. पोतदार नाणी पारखणारा, गडकरी किल्ल्यावरचा. ज्याच्या घरात जे काम, ते त्याच्या नावाला चिकटलं.

दुसऱ्या तऱ्हेची सामान्य आडनावं म्हणजे जाधव, शिंदे, पवार, मोरे, गायकवाड. ही कुळींची नावं. एका वर्गात मला सात जाधव होते, आणि ते सातही जण एका जातीचे नव्हते. आडनावावरून जात ओळखता येते असं म्हणणाऱ्याने एक वर्ष खेड्यातल्या शाळेत हजेरी घ्यावी. पाटील तर मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, मुसलमानांतही आहेत. कारण पाटीलकी ज्याच्याकडे तो पाटील.

ही कामं वतनाची होती, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. त्याबद्दल इनाम जमीन आणि गावाकडून हक्क मिळत. वतन भावाभावांत वाटलं जाई, त्याच्या तक्षिमा पडत, अडचणीत ते विकलंही जाई. म्हणून एकाच गावात एकमेकांशी काही नातं नसलेली दोन-दोन कुलकर्णी घराणीही सापडतात. आणि या लोकांनी घरोघरी दप्तरं जपली म्हणून तर इतिहासाचार्य राजवाड्यांना गावोगाव हिंडून माळ्यांवरचे कागद गोळा करता आले. कुलकर्ण्याच्या बोरूचं हे ऋण इतिहासावर आहे. मी हे वर्गात फार अभिमानाने सांगत असे.

आता ‘कुलकर्णी’ या शब्दातलं ‘कुल’. मुलं म्हणायची, कुल म्हणजे खानदान. तसं नाही. इथलं कुल म्हणजे जमीन कसून सारा भरणारं कूळ, आणि करणी करणारा म्हणजे त्याची नोंद लिहिणारा. कुळांचा हिशेब लिहितो तो कुलकर्णी. हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे वतन आमच्या भागात संपलं ते १९५० च्या परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याच्या कायद्याने. तो १ मे १९५१ ला लागू झाला. (कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ते १९१८ मध्येच रद्द करून पगारी तलाठी नेमले होते. महसुली पाटलांची वंशपरंपरा पुढे १ जानेवारी १९६३ ला संपली.) माझा जन्म ऑगस्ट १९५१ चा. म्हणजे घरातलं कुलकर्णीपण मे महिन्यात गेलं आणि मी ऑगस्टात कुलकर्णी म्हणून जन्माला आलो! काम गेलं, नाव राहिलं. वडील करमाळा तालुक्यातलं गाव सोडून सोलापुरात आले आणि एका व्यापाऱ्याच्या दुकानात हिशेब लिहू लागले. वतन सुटलं तरी हिशेब काही सुटला नाही.

निवृत्त झाल्यावर, २००९ मध्ये, मी मोडीचा वर्ग लावला. साठीच्या आसपासचे आम्ही दहा-बारा विद्यार्थी, पाटीवर गिरवल्यासारखे गिरवत होतो. कारण असं की आमच्याकडे पत्र्याची एक ट्रंक होती. गावच्या वाड्यातून वडिलांनी आणलेली. आत चार रुमाल. लहानपणी ती उघडायची परवानगी नव्हती आणि मोठेपणी उघडून उपयोग नव्हता, कारण वाचता कुणाला येतंय?

पहिला शोध आनंदाचा लागला. पेशवाईच्या काळातल्या एका महजराच्या नकलेत आमच्या पूर्वजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मग ‘उपनाव कोरडे’ आणि शेवटी ‘कुलकर्णी मौजे मजकूर’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही कोरडे! करमाळ्यासारख्या दुष्काळी तालुक्यात याहून शोभणारं आडनाव कुठलं? घरात आठवडाभर हसू चाललं होतं. आजोबा इंग्रजी शाळेत गेले तेव्हा दाखल्यावर कुलकर्णी लागलं आणि कोरडे हे नाव रुमालातच राहून गेलं, असं दिसतं.

असं पुष्कळांचं झालं आहे. महात्मा फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि फुले झाले. डॉ. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे, आणि शाळेच्या नोंदीतून आंबेडकर हे नाव रूढ झालं. शाळेच्या दाखल्यात एवढी ताकद असते. मी स्वतः शेकडो दाखले भरले, पण तेव्हा हे कधी मनात आलं नाही.

फुल्यांचं नाव घेतलं म्हणून सांगतो. ‘ब्राह्मणांचे कसब’ १८६९ चं आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. या पुस्तकांत गावच्या कुलकर्ण्यावर जे कोरडे ओढले आहेत ते वाचताना मी विद्यार्थीदशेत फार अस्वस्थ व्हायचो. ‘कलमकसाई’ हा शब्द तर सर्रास वापरला जायचा. वाटायचं, असतील काही वाईट. सगळेच कसे असतील? आमचे तर नक्कीच नव्हते.

घरातलं बोलणंही वेगळं होतं. आमच्याकडे दु:ख एकच, ‘कुळकायद्यात जमीन गेली’. आजी हे वाक्य जेवताना म्हणायची, संक्रांतीला म्हणायची, ज्वारी महाग झाली की म्हणायची. वतन गेलं याचं तिला तितकं नव्हतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांचे वाडे जळाले, त्या आठवणींनीही ती हळवी व्हायची. पण आमचा वाडा वाचला होता, जमीन मात्र गेली होती. ओढ्याकाठची चार एकरांची पट्टी. आमची सोन्यासारखी जमीन कुळाने खाल्ली, असं ऐकत आम्ही भावंडं वाढलो.

आता दुसरा कागद. तो तिसऱ्या रुमालात होता.

शके १८१९, म्हणजे १८९७. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला. सोलापूर जिल्ह्याने त्यात फार सोसलं. कागद खरेदीचा. एका शेतकऱ्याकडे दोन वर्षांचा सारा थकला होता, तो आमच्या पणजोबांनी भरला. शिवाय घरी खायला दाणे दिले. दोन्ही मिळून नव्वद रुपये. त्याबद्दल ओढ्याकाठची चार एकरांची पट्टी लिहून घेतली. पुढे असंही लिहिलं होतं की, शेत त्याच शेतकऱ्याने अर्धेलीने कसावं. म्हणजे मालक होता तो आपल्याच शेतात कूळ झाला.

मी तो कागद तीनदा वाचला. शाळेत मी मुलांना १८७५ चा दख्खनचा उठाव शिकवला होता. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जाचे कागद हुडकून जाळले. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, ‘शेतकऱ्यांनी कागदच का जाळले?’ उत्तर मी फळ्यावर लिहून द्यायचो. ते मला खरं कळलं त्या दिवशी, आमच्याच ट्रंकेपुढे मांडी घालून बसलो असताना.

२०११ च्या जानेवारीत मी गावी गेलो. कागद बरोबर घेतला. का घेतला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. वाडा पडलेला होता, जोत्यावर कुणाचं तरी कडब्याचं बूच. ओढ्याकाठी गेलो तर ज्वारी उभी होती आणि बांधावर एक आजोबा बसले होते. ऐंशीच्या घरातले. मी नाव सांगितलं.

"या की गुरुजी, बसा," ते म्हणाले. "कुलकर्ण्याच्या पट्टीतच बसलोय बगा."

मी चपापलो. शेत त्यांचं होतं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं मालक ठरली, तेव्हा त्यांच्या वडिलांच्या नावावर झालं. त्यांनी हप्त्याहप्त्याने त्याची किंमतही भरली होती. मी विचारलं, अजून कुलकर्ण्याची पट्टी कसं म्हणता?

"समदी म्हणत्यात तसंच आमी म्हणतो. नावाला काय वैरण घालावी लागतीया व्हय?"

मग मी पिशवीतून कागद काढला. त्यांना वाचून दाखवला. मोडी वाचायला मला वेळ लागत होता, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी मोडीमुळे लागत नव्हता. ते मान खाली घालून ऐकत होते. नव्वद रुपयांपाशी काही बोलले नाहीत. शेवट झाल्यावर म्हणाले, "नांगर काडलाय न्हवं त्यात?"

जुन्या कागदांवर लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराचं चित्र. ‘निशाणी नांगर’. मी ती जागा दाखवली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, हलकेच.

"ह्यो माज्या आज्यानं काडला?"

मंडळी, इथे मी अडकलो. कारण मोडी शिकताना मी पणजोबांचं अक्षर इतकं गिरवलं होतं की त्यांच्या बोरूची चाल मला पाठ होती. फार सुंदर अक्षर, मोत्यासारखं. मला त्याचा केवढा अभिमान! आणि तो नांगर त्याच शाईचा, त्याच बोरूचा, त्याच सफाईच्या हाताचा होता. खोटं सांगता आलं असतं. म्हातारा माणूस, आज्याचा हात लागलेला कागद समजून हात फिरवत होता.

मी म्हटलं, "नाही. आमच्या पणजोबांनीच काढलाय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आज्यानं निस्तं बगितलं आसंल."

एवढंच. राग नाही, टोमणा नाही. त्यांच्या नातवाने हुरडा भाजला, आम्ही तिघांनी खाल्ला. निघताना पिशवीत सेरभर ज्वारी घातली. मी नको नको म्हणत होतो. बस सुटल्यावर आजीची आठवण झाली. तिला कुणी हे वाचून दाखवलं असतं तर? तिला मोडी येत नव्हती. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईला येत नव्हती. लिहिणाऱ्याच्या घरातही लिहिणं सगळ्यांना मिळालेलं नव्हतंच.

पणजोबा दुष्ट होते असं मी म्हणत नाही. दाणे त्यांनी दिले हे खरं, कदाचित त्या दाण्यांवर ते घर जगलं असेल. तेव्हाच्या कायद्याने कागद चोख होता. पण देणारा, घेणारा, लिहिणारा आणि समोरच्याची सहीसुद्धा काढणारा माणूस एकच होता, हेही तितकंच खरं. ज्याचं कूळ म्हणून नाव लिहायचं त्याला त्या कागदात स्वतःचं म्हणून एक रेघही ओढता आली नाही. आमच्या आडनावातलं ‘कुल’ तो होता आणि करणी आमची होती. १९५७ मध्ये आमची जमीन गेली असं आम्ही म्हणत आलो. साठ वर्षांनी ती परत गेली, असं म्हणायला हवं होतं.

रविवारी पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ कागद न्याहाळत होता. मग म्हणाला, "काका, मग तर आडनाव बदलायलाच हवं."

मी म्हटलं, "अरे, हिशेब लिहिणाऱ्याच्या घरात पान फाडत नाहीत. चूक झाली तर ती खोडायची नसते, खाली दुरुस्तीची ओळ लिहायची असते. कोरडे हे नाव छान आहे. दुर्मिळ आहे, गर्दीत उठून दिसेल. पण तो कागद कोरड्यांनी नाही लिहिलेला. खाली सही ‘कुलकर्णी मौजे मजकूर’ अशीच आहे. आपण कोरडे झालो तर तो कागद कुणाचाच राहणार नाही."

असो. पुतण्याचा स्वभाव ऐकून घेण्याचा आहे, पण पटल्याशिवाय करायचं नाही असाही आहे. चार दिवसांनी त्याचा फोन आला. मुलीचं नाव नोंदवलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नावही येतं. मुलीचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमच्या घरातल्या कागदावर एका बाईचं नाव अशा जागी पहिल्यांदाच आलं. आडनाव कुलकर्णीच आहे.

आणि तो जो कुलवृत्तांत तयार करतो आहे त्याच्या पहिल्या पानावर ‘उपनाव कोरडे’ असेल, आणि दुसऱ्या पानावर शके १८१९ चा तो कागद, शेजारी बालबोधीत उतरवून. उतरवायचं काम माझ्याकडे आहे. नांगर मात्र मी काढणार नाही. त्याचा फोटोच छापायचा असं ठरलं आहे.

ते आजोबा आता नाहीत. नातू शेत करतो. परवाच फोनवर बोललो. ज्वारी कशी आहे विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, कुलकर्ण्याच्या पट्टीला यंदा बरी हाय."